जुन्या चित्रपटगृहांचे परवाना-कागद रद्दीत जाण्यापूर्वी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एकपडदा चित्रपटगृह बंद पडल्याच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. अशा प्रत्येक बातमीमागोमाग आठवणींचे लेख येतात, त्यांत पहिल्या दिवसाचा पहिला खेळ, तिकिटांचा काळाबाजार आणि मध्यंतरातला वडा असतो आणि शेवटी ‘एका पर्वाचा अस्त’ होतो. हे लेख मीही आवडीने वाचतो. परंतु जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन त्यांच्या नोंदी करण्याचे काम बरीच वर्षे हौसेने करणारा वास्तुरचनाकार या नात्याने मला त्यांत नेहमी एक उणीव जाणवते. इमारत कोणी बांधली, कोणाच्या जागेवर व कोणत्या परवान्याने बांधली, मूळची ती कशासाठी होती आणि तिच्यात पुढे काय बदल झाले, याविषयी सहसा एक ओळही नसते. असते ती एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरवलेली सनावळ. चित्रपटांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे, पण ते जिथे दाखवले गेले त्या वास्तूंचा इतिहास लिहायला लागणारे कागद मात्र दिवसेंदिवस हातचे जात आहेत.

साध्या सनाचाच प्रश्न घ्या. ‘अमुक थिएटर अमुक साली सुरू झाले’ हे विधान वाटते तितके सरळ नसते, कारण पायाभरणी, नाटकाचा पहिला प्रयोग, सिनेमाचा पहिला खेळ आणि आजचे दर्शनी रूप ही सारी वेगवेगळ्या वर्षांची असू शकतात. बोरीबंदरसमोरचे कॅपिटॉल मुळात १८७९ सालचे गेइटी नावाचे नाट्यगृह होते. म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते प्रेक्षक गोळा करत होते. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले, तेव्हा बांधकाम पुरे झालेले नव्हते. पुढे तेथे सिनेमा आला, १९९३ साली ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ साली पुन्हा उघडले. अशा वास्तूचे वय सांगताना आपण नाट्यगृहाविषयी बोलत आहोत, चित्रपटगृहाविषयी की दगडविटांविषयी, हे आधी ठरवावे लागते. वृत्तपत्रांतील लेखांत ते क्वचितच ठरवलेले असते, आणि म्हणून एकाच थिएटरची तीन जन्मवर्षे सुखाने नांदताना दिसतात.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळचे जे थिएटर पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रभात’ म्हणून ओळखले गेले, ती इमारत इंदूरच्या सरदार किब्यांची. १९३४ साली ती उभी राहिली आणि कोल्हापुराहून नुकत्याच पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने ती भाडेपट्ट्याने चालवायला घेतली. २०१४ च्या अखेरीस भाडेपट्टा संपून वास्तू मूळ मालकांकडे परत गेली, तेव्हा कित्येक पुणेकरांना मालक वेगळे होते हे प्रथमच कळले. जागेचा मालक एक, इमारत बांधणारा दुसरा, खेळ चालवणारा तिसरा आणि पाटीवरचे नाव चौथ्याच कोणाचे, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यामुळे नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका शोधायला जाताना थिएटरचे नाव फारसे उपयोगी पडत नाही. भूमापन क्रमांक आणि मूळ घराणे ठाऊक असावे लागते. कधी उलटेही घडते. मंडईजवळ १९१५ साली गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलेले आर्यन चित्रपटगृह केव्हाच पाडले गेले, पण त्याचे नाव तिथल्या महापालिकेच्या वाहनतळाला चिकटून राहिले आहे, आणि तिथे रोज गाडी लावणाऱ्या तरुणांपैकी फार थोड्यांना त्या नावाचा उगम माहीत असेल.

मुंबईच्या दक्षिण टोकाच्या चित्रपटगृहांचा इतिहास मात्र असा विस्मृतीत गेलेला नाही. १९३३ सालच्या रीगलचे वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे बोरीबंदर स्थानकाची इमारत रचणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे पुत्र; १९३८ सालचे इरॉस सोराबजी भेडवार यांचे, त्याच वर्षीचे मेट्रो न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम्ब यांचे. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण हे व्यवसायात मान्यता असलेले लोक होते, त्यांच्या कामाची चर्चा त्या वेळच्या नियतकालिकांत छायाचित्रांसह होत असे आणि मालकांना त्या नावांचा अभिमान होता. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको या शैलींतील वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात रीगल आणि इरॉस आहेत, हे योग्यच झाले. पण लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहाचा नकाशा कोणी काढला, हे किती जणांना सांगता येईल? तालुक्याच्या गावी कापसाच्या किंवा गुळाच्या व्यापाऱ्याने पत्र्याच्या छपराखाली काढलेल्या टॉकीजचे तर विचारूच नये. तेथे रचनाकार म्हणजे गावचा मिस्त्री किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला ओव्हरसिअर, आणि त्यांचे नाव असलेच तर एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे परवान्यासाठी दाखल केलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात.

या परवान्याच्या कागदांकडेच मला आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवान्याशिवाय सिनेमा दाखवण्यास मनाई केली. त्यामागे सेन्सॉरइतकीच आगीची भीती होती, कारण त्या काळची नायट्रेटची फिल्म क्षणात पेट घेई आणि पेटली की विझवणे जवळपास अशक्य असे. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात १९५३ च्या मुंबई सिनेमा (विनियमन) कायद्याखाली परवाने दिले जाऊ लागले. परवाना देणारा अधिकारी मुंबईत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी असल्याने अर्ज, जागेचा व इमारतीचा नकाशा, आसनसंख्या, बाहेर पडण्याचे दरवाजे, विजेची जोडणी, बांधकाम व आरोग्य खात्यांचे अभिप्राय, शेजाऱ्यांच्या हरकती आणि नूतनीकरणाच्या वेळची तपासणी, असे सर्व काही एका फायलीत साचत गेले. नाट्यगृहांनाही असे सविस्तर दप्तर क्वचितच लाभले असेल. एका मध्यम गावच्या थिएटरची अशी फाइल मी पाहिली आहे. बाल्कनी केव्हा वाढवली, त्यासाठी कोणता जिना हलवला आणि मशीद व शाळा यांच्यापासूनचे अंतर मोजायला कोण आले होते, हे सारे तिच्यात होते. गावातल्या कोणालाही त्यातले काही आठवत नव्हते. १९२७-२८ साली दिवाणबहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर साक्षी घेतल्या, त्यांचे छापील खंडही फार मोलाचे आहेत, परंतु ते एका वर्षाचे चित्र देतात. परवान्याची फाइल पन्नास-साठ वर्षांचे देते.

कागद हाती असले म्हणजे इमारतही वाचता येते, आणि इमारत वाचता आली म्हणजे कागदांतली चूक पकडता येते. पडद्यामागे आठ-दहा फुटांहून अधिक खोली असेल, बाजूला विंगांच्या व रंगपटाच्या खोल्या असतील, तर ते मूळचे नाट्यगृह असण्याचा संभव अधिक. पडद्यासमोर भरून काढलेला खड्डा आढळला तर तो मूकपटांच्या दिवसांत पेटी-तबलेवाल्यांसाठी असू शकतो, कारण १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागल्यानंतर त्या वादकांची गरज हळूहळू संपली. प्रोजेक्शन केबिनचा दरवाजा प्रेक्षागृहात न उघडता थेट बाहेरच्या लोखंडी जिन्यावर उघडतो आणि भिंतीतल्या चौकोनी भोकांवर पाडायच्या लोखंडी झडपा असतात, ही नायट्रेटच्या भीतीची खूण. छपरातून वर काढलेले धुराडे ही प्रोजेक्टरमधल्या कार्बन जाळणाऱ्या आर्क दिव्याची. दोन्ही बाजूंच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या असतील तर वातानुकूलन किंवा बाहेरचा आवाज थोपवण्याची धडपड, आणि रंगमंचाची चौकट दोन्ही बाजूंना फोडून रुंद केलेली असेल तर तो बहुधा १९५३ नंतर आलेल्या सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठीचा बदल. यातले बरेचसे जाणकार ऑपरेटर एका फेरीत दाखवून देतो. अशा वृद्ध ऑपरेटरांना व डोअरकीपरांना गाठून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे काम महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही सहज करता येण्यासारखे आहे.

आता अडचण अशी की, या फायलींचे वाली राहिलेले नाहीत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला, तेव्हापासून जिल्हाधिकारी कार्यालयांतील करमणूक शाखांचे पूर्वीचे महत्त्व उरले नाही; थिएटर बंद झाले की त्याचा परवाना नूतन होत नाही आणि फाइल मृत ठरते. महसुली दप्तराच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात आणि पुढील वर्गांचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मृत परवान्याला कायमचे मोल आहे असे कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय अभिलेख कक्षातल्या कारकुनाने तसे समजावे, ही अपेक्षाच चुकीची. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मला जुन्या टॉकीजचे गठ्ठे ‘साफसफाईत गेले’ असे सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते.

कागदांचा उपयोग केवळ अभ्यासकाला होतो असेही नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले. अशी वास्तू पूर्वीसारखी उभी करायची म्हटले की पहिला प्रश्न मूळच्या मोजमापांचा येतो. ती मोजमापे आगीनंतर घेता येत नाहीत.

म्हणून शासनाला माझी विनंती आहे की, सर्व जिल्हाधिकारी कार्यालयांतील व पोलीस आयुक्तालयांतील चित्रपटगृहांच्या परवाना-फायली, विशेषतः त्यांतले नकाशे, नष्ट करण्यास एका परिपत्रकाने तातडीने मनाई करावी आणि त्या राज्य पुराभिलेखागाराकडे सुपूर्द कराव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अस्तित्वात असताना त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज दिसत नाही. दुसरे असे की, नगरपालिका व महापालिकांनी जुने चित्रपटगृह पाडण्याची परवानगी देताना मालकाकडून इमारतीचे मोजमापासह नकाशे व छायाचित्रे घ्यावीत आणि त्याची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. मी येथे थिएटरे पाडू नयेत असे म्हणत नाही. ज्या धंद्यात दिवसाकाठी दहा तिकिटे खपतात तो चालवण्याची सक्ती मालकावर करणे अन्यायाचे आहे, आणि प्रत्येक जुनी भिंत वारसा असते असे मला वाटतही नाही; पुष्कळ टॉकीजच्या इमारती बेंगरूळ होत्या. पण चार दिवसांत होणारी मोजणी हा काही मोठा बोजा नव्हे, आणि वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी अशी कामे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आनंदाने करतील.

एक विनंती आपल्यालाही आहे. थिएटर कोणत्या दिवशी उघडले, त्याचे नाव केव्हा बदलले, ते नूतनीकरणासाठी किती काळ बंद होते, या गोष्टींचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे दैनिकांतील ‘आजपासून’च्या जाहिराती, त्या दिवसागणिक छापल्या जात आणि त्यांत स्मरणशक्तीचा दोष नसतो. वृत्तपत्रांचे जुने अंक संगणकावर आणताना बातम्यांची व अग्रलेखांची पाने आधी घेतली जातात आणि जाहिरातींची पाने मागे पडतात किंवा कात्रणांतून वगळली जातात. आपल्या दैनिकाच्या जुन्या अंकांचे असे काम चालू असेल किंवा पुढे होणार असेल, तर सिनेमाच्या जाहिरातींची पाने त्यात पूर्ण घ्यावीत आणि अभ्यासकांना ती माफक शुल्कात पाहू द्यावीत.

आपला,
एक वास्तुरचनाकार, पुणे