बुधवारी ट्रेडिंगचा सराव: पावणेनऊला हजर राहा

एम.कॉम. आणि एमबीए फायनान्सच्या सदस्यांनो,

येत्या बुधवारी विभागाच्या संगणक कक्षात चालू बाजारभावावर, पण आभासी पैशांनी सराव आहे. ९ ला प्री-ओपन (उघडणारा भाव ठरवणारं सत्र) आणि ९.१५ ला नेहमीचे सौदे सुरू होतात. उशीर झाला तर उघडणारा भाव कसा ठरतो, हेच हुकेल.

• प्रत्येकाला आभासी १ लाख रुपये. एका शेअरमध्ये २० हजारांपर्यंतच.
• स्टॉपलॉस (तोटा रोखण्यासाठी आधीच लावलेली विक्रीची ऑर्डर) नीट लावा. ५०० ला घेतलेल्या शेअरला ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) ४९० आणि लिमिटही (ज्याखाली विकायचं नाही तो भाव) ४९० ठेवली, तर भाव झपाट्याने कोसळताना ऑर्डर जागी होते पण शेअर विकला न जाण्याची शक्यता असते. लिमिट ४८८ ठेवा.
• ऑर्डर टाकण्याआधी कारण वहीत लिहा. नंतर सुचलेलं कारण धरणार नाही.
• स्वतःच्या डिमॅट खात्यातून कक्षात सौदे करू नयेत.

येणार नसाल तर मंगळवारपर्यंत इथेच कळवा. जागा मोजक्या आहेत.