पाटीवर 'बच्चेकंपनी' लिहिलं तिथंच घोळ झाला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका हॉलवर शॉर्ट अ‍ॅनिमेशन फिल्म दाखवल्या. बाहेर पाटी 'बच्चेकंपनीसाठी कार्टून मेजवानी', त्यामुळं लोक पोरं आणि भडंगाचे पुडे घेऊन आलेले, आणि पडद्यावर लागलं चेक कलाकार यान श्वांकमायरचं १९८२ चं 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग'. भाज्यांचं एक डोकं, भांड्याकुंड्यांचं एक डोकं, एकमेकाला गिळतायत, चावून चोथा करून बाहेर टाकतायत, परत गिळतायत. पोरं रडायला लागली, एक काका उठून म्हणाले 'हे काय भलतंच, उंदीर-मांजराचं लावा की', आणि खरंच मधेच बंद केलं. काकांचं काही चुकलं नाही, चूक पाटी रंगवणाऱ्याची.

पण त्यात शेवटचा भाग राहून गेला ना राव. टेबलावर मातीची दोन डोकी समोरासमोर. एकाच्या तोंडातून टूथब्रश येतो, दुसरा त्यावर पेस्ट लावतो. पाव आला की लोणी, बूट आला की नाडी, पेन्सिल आली की शार्पनर, सगळं कसं जुळतंय. मग क्रम चुकतो, आणि जिथं लोणी पाहिजे तिथं भलतंच काहीतरी येतं, शेवटी दोघंही तडे जाऊन धापा टाकत बसतात. एक शब्द नाही कुणी बोलत, पण मला आमच्या सोसायटीची मिटिंगच आठवली! बर्लिनच्या फिल्म फेस्टिवलला १९८३ मध्ये शॉर्ट फिल्मचं पहिलं बक्षीस, गोल्डन बेअर, मिळालंय याला.

लोक विचारतात याचा अर्थ काय. तराणा ऐकताना 'दीर दीर तोम'चा अर्थ विचारतो का आपण?

आणि कष्ट किती असतात ते मी घरात बघितलंय. पोरीनं गणपतीच्या उरलेल्या शाडूचा एक म्हातारा केला, मोबाईल स्टँडला लावला, फिल्मच्या एका सेकंदाला बारा फोटो, म्हणजे दहा सेकंदाला एकशेवीस, दर फोटोला म्हाताऱ्याची मान केसभर हलवायची. रात्री दीडला लाईट गेली, आल्यावर बघतोय तर माती सुकून नाकाला चीर पडलेली. तिनं ती चीर तशीच ठेवली, आता म्हातारा निम्म्यातच एकदम जास्त म्हातारा होतो आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो (बापाचं मत, सोडून द्या).

हे काय परदेशी खूळ नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी १९१२ मध्ये कुंडीतल्या रोपासमोर कॅमेरा ठेवून, थोडं थोडं टिपून त्याची वाढ दाखवलेली, तेही भांडवलदाराला पटवायला, पोरं खेळवायला नाही. आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' करणाऱ्या आपल्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्यापण घडवलेल्या, त्यांच्या सांगलीत बाहुली हलली की 'लहान मुलांचं' म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

तुमच्या पेपरात पण अ‍ॅनिमेशनची बातमी मुलांच्या पानावर कोड्याशेजारी येते. ती नाटक-सिनेमाच्या पानावर घ्या की, आणि नाटकाला लिहिता तसं चांगलं-वाईट परीक्षण लिहा, शिव्या घातल्या तरी चालतील. बाकी हॉलवाल्यांना एवढंच, पाटीवर 'मोठ्यांसाठी' लिहून रात्री नऊचा शो ठेवा आणि ती अर्धी राहिलेली फिल्म परत लावा. त्या काकांना मी घेऊन येतो, भडंग माझ्याकडून.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली