आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : पंचनाम्यात मनाचा रकाना कुठं आहे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी राहणारा, दूध घालून घर चालवणारा शेतकरी आहे. आमच्या ग्रामसभेत आरोग्य खात्याच्या एका अधिकाऱ्यांनी माईक हातात घेऊन शब्द दिला होता, की पावसाळ्याआधी पूरग्रस्त गावांत दर आठवड्याला समुपदेशक येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सत्कार झाला, नारळ दिला. पावसाळा आला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला लागलं, समुपदेशक काही आला नाही. परवा स्थलांतराच्या शाळेत माझी बायको रात्रभर भिंतीला टेकून, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बसली होती. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं चारचौघांत तिला ऐकवलं, "मावशी, पाणी अजून गावाबाहेर हाय. नाटकं बंद करा."

नाटक म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोका पातळी 43 फूट आहे, म्हणजे अंदाज करा. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, बोट कुणाकडं आधी जाणार यावरून गल्लीत भांडणं होती. मी माळ्यावरून आईला उतरवत होतो आणि ही गोठ्यात छातीभर पाण्यात दावी कापत होती. एक म्हैस सुटली. दुसरीची गाठ पाण्याखाली होती, विळा लागेना. ती म्हैस रेकत राहिली आणि हिला बोटीत ओढून घ्यावं लागलं. मग 2021 ला पुन्हा तसंच पाणी. आजही पत्र्यावर सरींचा जोर वाढला की ही मध्यरात्री उठते आणि गोठ्यातली सगळी दावी सोडून येते. सकाळी जनावरं शेजाऱ्याच्या उसात. शेजारी दोन वर्षं समजून घेत होते, आता तेही भांडायला येतात. कुणाची म्हैस रेकली तर हिच्या हातातलं भांडं गळून पडतं. धार काढणं तिनं सोडलंय, ते मी करतो.

म्हशीची भरपाई मागितली तर पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, म्हैस कधी बुडाली? ती एकदा म्हणाली संध्याकाळी, एकदा म्हणाली उजाडताना. "दावं तुम्ही सोडलंच नव्हतं ना?" या प्रश्नावर तिनं मान हलवली. जबाबात विसंगती, असं लिहून फाईल बंद.

साहेब, या विसंगतीवर जगात पन्नास वर्षं अभ्यास झालाय. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? आधी ज्यांना "गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा" असं जोराचं वाक्य घालून प्रश्न केला होता, त्यांच्यातले 32 टक्के हो म्हणाले; साध्या शब्दात विचारलेल्यांपैकी 14 टक्के. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. खुर्चीत बसून फिल्म बघणाऱ्यांची ही गत, तर छातीभर पाण्यात उभं राहिलेल्या बाईला वाकडा प्रश्न विचारून तिची मान हलवून घेणारा कसला जबाब घेतो?

आणि जीवघेण्या भीतीत मेंदूचं काम बदलतं. धोका ओळखणारा अमिग्डाला जोरात चालतो. प्रसंगाला जागा, वेळ आणि क्रम देणारा हिप्पोकॅम्पस त्या ताणात मागं पडतो, असं संशोधक मांडतात. म्हणून आवाज, वास, पाण्याचा गारवा पक्का राहतो आणि वेळ हरवते. तो आवाज परत आला की माणूस आठवत नाही, पुन्हा तिथंच उभा असतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 मध्ये या आजाराची नोंद आपल्या यादीत केली, पीटीएसडी म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा आजार या नावानं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तिथं लोक भांडले होते. आमच्यासाठी कोण भांडणार?

समुपदेशन झालंच नाही असं नाही. पूर ओसरल्यावर एक पथक आलं, बायकांना गोल बसवलं, "सगळं मन मोकळं करा" म्हणाले, फोटो काढले, झोपेच्या गोळ्या वाटल्या आणि गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसंगानंतर एकदाच बसवून सगळं बोलायला लावू नका असं म्हटलंय, आणि 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या महिन्यात या त्रासासाठी बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका असंही. उपचार आहेत, तेही तिथंच लिहिलेत. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांची पद्धत घ्या: प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षित ठिकाणी, हळूहळू त्या आठवणीकडं परत जायचं, साधारण 8 ते 15 बैठका, आठवड्याला एक-दोन. एवढंच लागतं. धरण बांधायचं नाहीये.

कायदा म्हणाल तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा कलम 18 मध्ये सांगतो, की सरकारी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. आपत्तीनंतर मानसिक आधार कसा द्यायचा याच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना डिसेंबर 2009 पासून छापून तयार आहेत. किल्लारीचा भूकंप 1993 ला झाला. तेव्हापासून आपण शिकतोच आहोत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळ सोडलं तर बाकी राज्यांत दर लाख लोकांमागं एक मानसोपचारतज्ज्ञही नव्हता, आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना होते, आणि त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मोजलंच नाही तर रुग्ण नाहीत, असा हिशेब दिसतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या दारांवर दोन राज्यं भांडतात, नदीकाठच्या बांधकामांना परवानग्या मिळतात, नेते गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो देतात, आणि पंचनाम्यात भिंत, भांडी, जनावर यांना रकाने आहेत. झोप गेलेल्या माणसाला एकही नाही. या राज्यात बाईनं वेड लागल्यासारखं वागल्याशिवाय ती आजारी धरली जात नाही, आणि तशी वागली की नाटकी ठरते.

करवीर आणि शिरोळच्या पूरपट्ट्यात हे उपचार शिकलेला माणूस नेमा. येण्याचा वार ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आशाताईंना हा आजार ओळखायला शिकवा. दारोदार त्याच जातात, कुठल्या घरात कोण झोपत नाही हे त्यांना आधीच माहीत असतं. स्थलांतर केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना बोलायचं कसं ते सांगा. पंचनाम्यात मनाचा रकाना घाला आणि अशा जबाबांवर बंद केलेल्या फायली परत उघडा. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर 2022 पासून आहे, तो गावात पोचू दे, पण पंधरा बैठकांचं काम समोर बसूनच व्हायचं.

मला उत्तराचं पत्र पाठवू नका. वार कळवा. बायकोला घेऊन मी त्या दिवशी हजर असेन, संध्याकाळची धार चुकली तरी चालेल.

आपला,
करवीर तालुक्यातील एक दूध उत्पादक