मंडळाच्या अभ्यासिकेतून, नित्याला

भांडुप, मुंबई

प्रिय नित्या,

"मंडळाने पोरांच्या मनाचं हे काय नवीन काढलंय?" असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आपली अभ्यासिका तुला आठवत असेलच. पोलीस भरती, एमपीएससी करणारी पोरं अजूनही रात्री उशिरापर्यंत तिथेच असतात, घरी पाय पसरायला जागा नाही. पावसाळ्यात एकजण रोज येऊन तेच पान उघडून बसायला लागला. डबा आणायचा आणि तसाच परत न्यायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही दादा, झोप लागत नाही एवढंच." बरेच दिवस नुसता शेजारी बसत गेलो, तेव्हा कुठे बोलला. मैदानी निघते, लेखीत अडकतो, वय संपत आलंय आणि बापाला सांगायची हिंमत होत नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टर भले होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण ओपीडी सकाळची. आधी केसपेपरची रांग, मग विभागाबाहेरची. पोरगा कुरिअरचं काम करतो, त्याचा खाडा झाला. पुढच्या तारखेला तो गेलाच नाही. त्याच्या आईला काळजी दुसरीच होती: "हे कागदावर आलं तर भरतीच्या मेडिकलला अडवतील का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण हे तिला समजावून सांगणारं एकही माणूस वस्तीत नव्हतं. नित्या, मला हेच खुपतं. डॉक्टर कमी आहेत हे खरंच, पण डॉक्टरपर्यंत पोहोचायच्या आधीच पोर हातून सुटतं.

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लावलाय. २०२२ पासूनची सोय, फुकट, चोवीस तास, मराठीतही. पण चाळीत फोनवर मन मोकळं करायला आडोसा कुठे आहे? म्हणून मंडळाच्या ऑफिसची आतली खोली संध्याकाळी सात ते दहा रिकामी ठेवायची, असं मी बैठकीत मांडलं. पोरांनी तिथून फोन करावा, नाहीतर आपल्याच माणसाशी बोलावं.

ही आपली माणसं म्हणजे वस्तीतलेच चार-पाच जण, नीट प्रशिक्षण घेतलेले. तुमच्याच नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाने हे झालंय. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी ऐकून घेतलं आणि गरज असेल त्याला पुढे पाठवलं. झिम्बाब्वेत तर २००६ पासून आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हे काम करतात.

मात्र नुसत्या उत्साहावर हे चालणार नाही. दर आठवड्याला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने या माणसांसोबत बसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांचं ऐकून ऐकून तीच खचतील. त्यांना मानधनही हवं. कोणी जीव द्यायची भाषा केली, तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी सोबत रुग्णालयात जायचं, यात तडजोड नाही. ऐकणाऱ्याने नाक्यावर जाऊन बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, आपली वस्ती तुला माहीत आहे!

मुली मंडळाच्या ऑफिसात पाऊल ठेवणार नाहीत. बचत गटाच्या ताईंनी अंगणवाडीची खोली सुचवली आहे, पण ती संध्याकाळी उघडी राहील का ते अजून ठरत नाही. मला विचारशील तर तिथून सुरुवात व्हायला हवी. पोरं निदान नाक्यावर तरी उभी राहतात, मुलींना तेवढंही नाही.

तो मुलगा आता येतो, डबा खातो. औषध सुरू झालंय, सुट्टीच्या दिवशीची तारीख मिळवून दिली.

तुझं एक काम आहे. पेठमध्ये ज्यांनी प्रत्यक्ष हे केलं, त्यातलं कोणी भेटतंय का बघ. प्रशिक्षण किती दिवसांचं होतं, माणसं कशी निवडली आणि मधेच सोडून गेलेल्यांनी का सोडलं, एवढं त्यांना विचार. शेवटचं तर नक्कीच विचार. पुढची बैठक गणपतीनंतर आहे, त्याआधी कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
महेश