शेगडीमागचा आरसा आणि चिमणीचा पाइप

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघरातल्या फेंगशुईवर पानभर मजकूर आला आहे. शेगडी कुठे, सिंक कुठे, आरसा कुठे, सगळं चित्रांसकट. मी ओटे, ट्रॉल्या आणि कपाटं बसवून देण्याचं काम करतो. असा लेख आला की गिऱ्हाईक त्याचं कात्रण पुढे करूनच मापं घ्यायला बोलावतं, म्हणून हे पत्र. फेंगशुईवर माझा राग नाही. पण स्वयंपाकघरावर पानभर लिहिताना धुराबद्दल एक ओळ नाही, हे काही पटलं नाही.

आधी पटतं ते सांगतो. स्वयंपाक करणाऱ्याची पाठ दाराकडे नसावी, हा फेंगशुईतला शेगडीचा मोठा नियम. कढईत तेल तापलेलं असताना मागून कोणी अचानक हाक मारली आणि आपण दचकलो, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. खिडकीखाली शेगडी नको, हेही रास्तच. वाऱ्याने ज्योत विझते, गॅस मात्र सुटत राहतो. पडदा असला तर आणखी धोका. शेगडी आणि सिंक चिकटून नकोत, कारण एक अग्नी, दुसरं पाणी, असं लेखात म्हटलंय. चिनी पंचतत्त्वांत लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी येतात. पाण्यावर लाकूड वाढतं, लाकडावर आग पोसते, म्हणून दोघांच्या मध्ये लाकूड ठेवून भांडण मिटवायचं. मी तिथे दोनेक फूट ओटा मोकळा सोडतो आणि चिरायची लाकडी फळी त्यावरच ठेवायला सांगतो. उतरवलेलं भांडं टेकायला जागा होते, नळाचे शिंतोडे गरम तेलात जात नाहीत. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं, ओटा मात्र तोच निघतो.

दिशांचा विषय आला की माझी पंचाईत होते. होकायंत्र धरून चालणारे म्हणतात, वायव्येला शेगडी नको. ती आकाशाची आणि घरच्या कर्त्या पुरुषाची दिशा, तिथे अग्नी म्हणजे स्वर्गाच्या दाराला आग. दुसरी पद्धत लिन युन या फेंगशुई गुरूंनी १९८० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय केली. तिच्यात होकायंत्र बघतच नाहीत. दारात उभं राहायचं, आत बघताना पलीकडचा डावा कोपरा तो धनाचा. एका गिऱ्हाइकाने दोन्ही पंथांचे सल्लागार बोलावले होते. एकाने गोल होकायंत्र ओट्यावर मांडलं, दुसऱ्याने उंबऱ्यावरूनच बोट दाखवलं. कोपरा एकच. पहिला म्हणाला, शेगडी आजच हलवा. दुसरा म्हणाला, याहून चांगली जागा घरात नाही. मी टेप गुंडाळली आणि जिन्यात जाऊन बसलो. आपल्या लेखात यातली कुठली पद्धत सांगितली आहे, हेसुद्धा दिलेलं नाही.

तीच गत शेगडीच्या तोंडाची. हा नियम आला मातीच्या चुलीच्या काळातून. सरपण सारायचं भोक ते चुलीचं तोंड, आणि ते घरधन्याच्या जन्मवर्षावरून काढलेल्या शुभ दिशेला असावं, असा संकेत. आता गॅसच्या शेगडीचं तोंड कुठलं? कोणी बटणांची बाजू धरतं, कोणी गॅसची नळी जिथून शिरते ती. बऱ्याच शेगड्यांत बटणं पुढे आणि नळी मागे, म्हणजे उत्तर नेमकं उलटं येतं. इंडक्शन असेल तर वायर बघा म्हणतात. चिनी घरांत झाओ जुन नावाचा चुलीचा देव असतो. तो वर्षभर घरातलं सगळं बघतो आणि वर्ष सरताना वर जाऊन अहवाल देतो. त्याने कडू बोलू नये म्हणून त्याच्या चित्राच्या ओठांना मध किंवा गोड चिकट पदार्थ लावतात. निदान त्याला तरी विचारायला हवं, बटणं की नळी!

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण शेगडी हलली की चिमणी हलते. चिमणीचा पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ असावा लागतो. प्रत्येक वळणाला हवा अडते आणि ओढ कमी होते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली शेगडी केवळ शुभ दिशेसाठी समोरच्या भिंतीला न्यायची म्हटली की पाइप छताखालून खोली ओलांडून न्यावा लागतो, वाटेत तुळई आली की आणखी दोन वळणं. एका घरी मी हे कागदावर काढून दाखवलं, तरी शेगडी हललीच. आता तिथे चिमणीचा आवाज तेवढा मोठा आहे, आणि फोडणीचा ठसका बैठकीच्या खोलीपर्यंत जातो. गॅसची नळीही लांबली, ती वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कडक तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आहे. त्यामागच्या अभ्यासांपैकी बरेचसे खुद्द चिनी बायकांवरचे आहेत, ज्या देशातून हे शास्त्र आलं तिथल्याच. शेगडीची जागा ठरवताना धूर कुठून बाहेर जाणार हा प्रश्न पहिला, दाराकडे पाठ हा दुसरा. दिशेची हौस यानंतर उरलेल्या जागेत खुशाल भागवावी.

आता आरसा. शेगडीमागे लावला की दार दिसतं आणि चुलाणी दुप्पट दिसतात, म्हणून पैसाही दुप्पट, असा हिशोब आहे. दार दिसण्यापुरता उपाय मला मान्य आहे. पण लेखातल्या चित्रात साधा, लाकडी चौकटीचा, भिंतीवर टांगायचा आरसा दाखवलाय, आणि तोही ज्योतीपासून वीतभर अंतरावर. साधी काच एका जागी तापली आणि तिच्यावर गार पाणी उडालं की तडकते, तुकडे भांड्यात. लाकडी चौकट आणि ज्योत यांच्याबद्दल तर काय बोलावं. चकचकीत स्टीलचा पत्रा लावला तर मागचं माणूस दिसतं, फडक्याने पुसताही येतो. चेहरा न्याहाळायची ती जागाच नाही.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी अशा लेखाशेजारी छोटी चौकट द्या: शेगडीपासून चिमणीची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर, नक्की आकडा कंपनीच्या पुस्तिकेत बघावा, पाइपला वळणं कमीत कमी, गॅसचा नळ चटकन हाताला येईल असा. आणि आरशाचं ते चित्र पुन्हा छापायचंच असेल, तर खाली निदान 'टफन्ड काच' (म्हणजे ताप सोसणारी, कडक केलेली काच) एवढं तरी छापा.

आपला एक वाचक
(ओटे बसवणारा सुतार)