बाबा, ते टीव्ही लायसन्सचं पत्र

कॉव्हेंट्री
१५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला गेलं की आई मधेच जेवलीस का विचारते आणि बाबा तुम्ही आवाज तुटतोय म्हणता, म्हणून सरळ लिहूनच काढते. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा नाहीतर मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचा. परवा व्हिडिओ कॉलवर फ्रिजला लावलेलं ते लाल अक्षरांचं पत्र तुम्हाला दिसलं आणि तेव्हापासून तुमचे व्हॉइस मेसेज सुरू झालेत, कोर्टाचं आहे का, व्हिसाला अडेल का, वीसेक हजाराचाच प्रश्न असेल तर भर आणि मोकळी हो. तर ऐका, कोर्टाचं नाही. नुसत्या पत्राने व्हिसाला काही होत नाही. आणि भरणार नाहीये.

इथे टीव्हीला लायसन्स लागतं. तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही, अण्णांच्या रेडिओचं पुस्तक होतंच की, पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, तुम्हालाच सायकलवरून पिटाळायचे ना ते. आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. इथे १९२२ ला रेडिओचं दहा शिलिंगपासून सुरू झालं, मग १९४६ ला टीव्हीचं दोन पौंडांचं आलं, रेडिओचं १९७१ ला गेलं पण टीव्हीचं अजून ठाण मांडून बसलंय. २०२५ च्या एप्रिलपासून ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं. ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही असेल तर तेव्हा ५८ पौंड ५० पेन्स, हो, तो वेगळा दर अजून आहे आणि तो भरणारी माणसं पण आहेत म्हणे!

पैसा जातो बीबीसीला. त्यांच्यावर माझा काही राग नाही हं. इथे त्यांच्या चॅनेलवर जाहिराती नसतात, बातम्या बऱ्या असतात, आणि आई २०१७ पासून बीबीसी मराठी वाचते त्या सगळ्या वर्ल्ड सर्व्हिसचा, म्हणजे बीबीसीच्या बाहेरच्या देशांसाठीच्या सेवेचा, बराचसा भार याच लायसन्सच्या पैशांवर आहे, म्हणजे आई सांगलीत फुकट वाचते आणि बिल इथली एखादी पंचाहत्तरीची आजी भरते. खरंच भरते, पूर्वी ७५ च्या पुढच्या सगळ्यांना माफ होतं, १ ऑगस्ट २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं ती मदत, मिळणाऱ्यांनाच माफ केलंय. ते मला पटत नाही पण तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं. घरात टीव्हीचा डबा आहे म्हणून लायसन्स लागत नाही. इथल्या पण अर्ध्या लोकांना वाटतं की डबा आला की लायसन्स आलं. कायदा असा आहे की कुठलंही चॅनेल लाइव्ह बघितलं किंवा लाइव्ह रेकॉर्ड केलं तर लागतं, मग ते टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा नाहीतर मोबाईलवर. आणि बीबीसीचं जे आयप्लेअर ॲप आहे त्यावर जुनं काही बघितलं तरी लागतं, हे २०१६ च्या सप्टेंबरपासून. बाकी नेटफ्लिक्सवर पिक्चर बघा, यूट्यूबवर रेसिपी बघा, डीव्हीडी लावा, रेडिओ दिवसभर चालू ठेवा, काही लागत नाही. आमचा टीव्ही आहे ४० इंची, पण त्याला ॲंटेनाची वायरच नाही, भिंतीतल्या सॉकेटवर तर घरमालकाने रंग मारून टाकलाय. आम्ही त्यावर पिक्चर आणि मालिका बघतो त्या पण होऊन गेलेल्या. म्हणजे आम्हाला लागत नाही, संपलं.

गंमत म्हणजे लाइव्ह म्हणजे फक्त इथलीच चॅनेल असं नाही, जगातलं कुठलंही. म्हणजे तुम्ही सकाळी चहा घेताना यूट्यूबवर एबीपी माझाचं लाइव्ह लावता ना, तेच मी कॉव्हेंट्रीत माझ्या किचनमध्ये लावलं तर लायसन्स हवं. आणि त्याच बातमीचा तुकडा त्यांनी नंतर व्हिडिओ म्हणून टाकला तो बघितला तर नको. अजून एक नियम सांगते, कॉलेजात बाहेरगावी राहणाऱ्या पोरांना त्यांच्या आईबापाच्या घरचं लायसन्स चालतं, पण मोबाईल किंवा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू असला तरच, चार्जरची पिन भिंतीत खोचली की ते लायसन्स चालत नाही. हे कुणी बसून लिहिलं असेल त्याला माझा दंडवत.

म्हणूनच बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या वेळी माझी काय अवस्था झाली ते मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. सेमीफायनलला जेमिमाचे १२७ मी लॅबमध्ये मोबाईलवर नुसता स्कोअर रिफ्रेश करत अनुभवले, शेजारची बाई विचारत होती की तुझ्या घरी कोणी आजारी आहे का. फायनलला मात्र ठरवलं होतं की हे असं नाही जमायचं. पलीकडच्या गल्लीत आमची एक बार्शीची मैत्रीण राहते, त्यांच्याकडे लायसन्स आहे, आणि लायसन्स त्या घराचं असतं त्यामुळे पाहुण्यांनी तिथे बसून बघितलं तर चालतं. तर आम्ही दोघं सकाळी डबा घेऊनच तिच्याकडे गेलो, पावसाने मॅच उशिरा सुरू झाली, तुमच्याकडे मध्यरात्र झाली तेव्हा आमची नुसती संध्याकाळ होती. आपल्या सांगलीची स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा सांगलीकर म्हणून मलाच सगळे टोमणे मारत होते! मग शफालीने ८७ मारले आणि वर दीप्तीने पाच विकेट काढल्या तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आम्ही चोरून बघत नाही. मॅच बघायला जी बाई दुसऱ्याच्या घरी डबा घेऊन जाते तिला चोर म्हणायचं नाही.

आता पत्रांचं. आमच्या आधी इथे जे राहायचे त्यांचं लायसन्स होतं, ते जाताना बंद करून गेले. त्यामुळे लायसन्सवाल्यांच्या यादीत हा पत्ता बिनलायसन्सचा झाला आणि पत्रं सुरू झाली. नाव नसतंच त्यावर, नुसतं लीगल ऑक्युपायर, म्हणजे इथे रीतसर राहणारा जो कोणी असेल तो. पहिलं पत्र गोड असतं, तुम्ही नवीन आलात का वगैरे. मग आवाज चढत जातो, चौकशी सुरू केली आहे, अधिकारी भेट देऊ शकतात, १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नीट वाचलं तर प्रत्येक वाक्यात "शकतो" आहे, झालं असं कुठेच नाही. पण लाल अक्षर, जाड ठसा, चौकटीत तारीख, माणूस घाबरतोच. माझ्यासारखी इंग्रजीत शिकलेली पण पहिल्यांदा बघून खाली बसली, तर नवीन आलेल्यांचं काय होत असेल. बरेच लोक नुसत्या भीतीने भरतात हे मला इथल्या आपल्याच चार घरांमधून माहीत आहे.

मी त्यांच्या साइटवर जाऊन रीतसर कळवलं की आम्हाला लागत नाही. ती सोय आहे, फॉर्म भरायचा, ईमेलवर पोच येते, साधारण दोन वर्षं ते गप्प बसतात आणि मग परत विचारतात. पोच आली, मी खूश. आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा लाल पत्र! मला कळेना. मग दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, एकावर पत्ता "फ्लॅट २" आणि दुसऱ्यावर "फर्स्ट फ्लोअर फ्लॅट", घर नंबर तोच, पिनकोड तोच. हे जुनं मोठं घर आहे, मालकाने पाडापाडी करून त्याचे तीन फ्लॅट केलेत, आणि कुठल्यातरी यादीत आमचाच फ्लॅट दोन नावांनी बसलाय. म्हणजे त्यांच्या हिशोबात फ्लॅट २ मध्ये आम्ही सज्जन राहतो आणि फर्स्ट फ्लोअर फ्लॅटमध्ये कोणीतरी भामटा बसून फुकट टीव्ही बघतोय. भाडेपट्टीत फ्लॅट २, कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलात फ्लॅट २, पण लायसन्सवाल्यांना दोन घरं दिसतायत.

फोन केला तर बाई म्हणाल्या तुम्ही दुसऱ्या पत्त्यासाठी पण फॉर्म भरा. म्हटलं जे घर नाहीच त्यात मी राहते असं लिहून कसं देऊ? उद्या तेच माझ्या गळ्यात यायचं. तेव्हा रागात न लिहिता एक अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, दोन्ही रेफरन्स नंबर वर टाकले, लिहिलं की हे दोन्ही पत्ते एकाच दाराचे आहेत, सोबत कौन्सिल टॅक्सच्या बिलाची झेरॉक्स, तुमची नोंद दुरुस्त करा आणि केल्याचं लेखी कळवा. पोस्टात जाऊन पाठवल्याची पावती घेतली. बाबा, ते वाढीव वीजबिल आठवतंय ना, तुम्ही ज्या फाइलमध्ये कागद लावायचे तशीच हिरवी फाइल केली आहे मी, वर अनुक्रमणिका पण आहे. फ्रिजवर जे दिसलं ते मी मुद्दाम लावलंय, तारीख बघायला, कारण माझं पत्र पोचल्यानंतरचं ते आहे आणि त्याचं उत्तर मी पुन्हा त्याच झेरॉक्ससह धाडलंय. बघू.

दारावर पण येऊन गेला एक जण. गळ्यात कार्ड, हातात छोटं मशीन, पावसात भिजलेला. मी साखळी न काढताच बोलले. तो म्हणाला आत येऊन बघू का, मी म्हटलं नको, आम्ही कळवलेलं आहे. तर गेला बिचारा, काही वाद नाही. हा पोलीस नसतो, वसुलीचं काम कंत्राटी कंपनीकडे असतं, आणि कोर्टाचं वॉरंट असल्याशिवाय त्याला घरात पाय ठेवायचा हक्क नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. पण हे पत्रात ठळक कुठे लिहितात? आणि यात एक गोष्ट मला फार खटकते. लायसन्स नाही म्हणून ज्यांना शिक्षा होते त्यातल्या चारातल्या जवळजवळ तीन बायका असतात. टीव्ही सगळं घर बघतं, पण दुपारी दार बाई उघडते, आणि जी दार उघडून भोळेपणाने हो बघतो आम्ही म्हणते तिच्याच नावावर केस होते. कितीतरी केस बंद खोलीत एकट्या मॅजिस्ट्रेटसमोर कागदावरच निकालात निघतात, ती बाई तिथे नसतेच. सरकारने २०२० मध्ये विचार केला होता की हा फौजदारी गुन्हा ठेवायचा की नाही, लोकांची मतं मागवली, आणि ठेवला तसाच. आता बीबीसीचा चार्टर, म्हणजे ती ज्यावर चालते ती राजसनद, २०२७ च्या डिसेंबरला संपतोय तेव्हा लायसन्सचं काय करायचं यावर चर्चा चालू आहे.

तुमचं म्हणणं की भर आणि मोकळी हो. पैसे आहेत बाबा, प्रश्न पैशांचा नाही असं म्हणणार नाही, वीस हजार म्हणजे आईचं अर्धं तिकीट आहे, पण समजा भरले तर मी लेखी कबूल केल्यासारखंच की इथे लाइव्ह टीव्ही चालतो. आणि उद्या खरंच बघायचं ठरवलं तर त्या दिवशी लायसन्स काढता येतं, आधीच्या काळाचं काही देणं लागत नाही. तुमचे जावई तर म्हणतात पुढचा वर्ल्ड कप आला की काढूच. काढू की. बघायचं असेल तेव्हा एक दिवस पण उशीर करणार नाही.

आता खरं काम आईसाठी. आई, तू मार्चमध्ये येशील ती चांगली पाच महिने राहणार आहेस, तेव्हा टॅब इथल्या वायफायला लावून सकाळी लाइव्ह बातम्या लावायच्या नाहीत. तेवढं सांभाळ. दादाला सांगून यूट्यूबमध्ये बातम्यांचे सुटे व्हिडिओ कसे उघडायचे ते शिकून ये, लाइव्ह असेल तर कोपऱ्यात लाल खूण असते, ती दिसली की बंद. मालिका दुसऱ्या दिवशी ॲपवर बघायच्या, तू नाहीतरी मागे ढकलून ढकलूनच बघतेस. ज्ञानेश्वरीचं निरूपण रेकॉर्ड केलेलं असतं ते चालतं. आणि आम्ही कामावर असताना दार वाजलं तर उघडू नकोस, कुरिअरवाला असेल तर तो पार्सल खाली ठेवून जातो. उघडलंसच तर "माय डॉटर नॉट होम" एवढंच म्हणायचं, चहा विचारायचा नाही. तुला मी ओळखते, तू त्याला आत बसवून चकली देशील आणि वर टीव्ही लावून देशील.

फराळ मिळाला, चिवडा थोडा सादळलाय पण कढईत परतून घेतला. बाबा, येताना आईबरोबर त्या जुन्या रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक पाठवा, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, इथे लॅबमध्ये कोणाला खरंच वाटत नाही. लायसन्सवाल्यांचं उत्तर आलं की फोटो पाठवते.

तुमची,
मनी