कापसाला नवे जनुक नव्हे, सरळ वाण हवे

मा. संपादक,

कापसाची उत्पादकता खालावल्याची बातमी आली की आमच्या सोसायटीत हमखास कुणीतरी म्हणते, ‘आता नवीन जनुक आणायला हवे.’ मी नेरुळला राहतो, पण घरची कोरडवाहू शेती यवतमाळ जिल्ह्यात आहे, म्हणून राहवले नाही.

उत्पादन एका जनुकाच्या हातात नसते. झाडाला बोंडे किती, बोंडाचे वजन किती, रुईचा उतारा (कापसातून सरकी काढल्यावर मिळणारी रुई) किती, या प्रत्येक गुणामागे अनेक जनुके असतात आणि ती बरेचदा एकमेकांच्या आड येतात. बोंडे वाढली की बोंड हलके पडते. रुईचा उतारा पुढच्या पिढीत बऱ्याच खात्रीने उतरतो, एकूण उत्पादनात मात्र पाऊस आणि जमीनच जास्त बोलते. 2002 साली आलेल्या बीटी या अळीनाशक जनुकाने पीक बोंडअळीपासून वाचवले, पण ते बोंडे वाढवणारे जनुक नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळीने तेही पचवले.

संकरित वाणाची थोरवी मी नाकारत नाही. सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला 1970 चा एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, याचा अभिमानच आहे. पण संकराचा जोम पहिल्या पिढीपुरता असतो. संकरित कपाशीची घरची सरकी (बी) टोबलेला, म्हणजे हाताने लावलेला, तुकडा मी पाहिला आहे : एक झाड कमरेएवढे, शेजारचे छातीला लागणारे, एकाची बोंडे दिवाळीआधीच फुटलेली, दुसऱ्यावर अजून पात्याच (कळ्याच). म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. बियाणे महाग म्हणून झाडे विरळ, आणि बोंडे भरायच्या वेळी हलक्या जमिनीतली ओल संपलेली.

ब्राझीलमधला बहुतेक कापूसही पावसावरच होतो, पण तिथे सरळ वाणांची, म्हणजे संकर नसलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरणाऱ्या वाणांची, दाट पेरणी असते. सरळ वाणाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते आणि 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला तो हक्कही दिला आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोला, परभणीची कृषी विद्यापीठे असे वाण काढत आली आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या खरिपाआधी आपल्या वार्ताहरांनी या संस्थांना आणि महाबीजला (राज्याच्या बियाणे महामंडळाला) विचारावे : सरळ वाणांचे किती क्विंटल बियाणे तयार आहे आणि ते कोणत्या तालुक्यात, कधी पोहोचणार आहे?

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई